राजकीय निबंधातील वादभूमी : संमतिवयाच्या वादाच्या आधारे एक विवेचन

१. विषयप्रवेश

राजकीय प्रश्नावरील निबंध म्हणजे स्वमताचे जोरदार प्रतिपादन, अशी समजूत विद्यार्थिवर्गात बरीच रूढ आहे. मत जितके ठाम आणि भाषा जितकी धारदार, तितका निबंध यशस्वी, असे गृहीत धरून पुष्कळ लेखन होते. त्यात आवेश असतो, माहितीही असते. परंतु ते वाचून भिन्न मताचा एखादा वाचक आपले मत बदलील, असे सहसा वाटत नाही. याचे कारण उघड आहे. मत मांडणे आणि मत पटविणे या दोन क्रिया एक नव्हेत. मत मांडण्यास लेखक एकटा पुरतो; मत पटविण्यास वाचक लागतो, आणि तोही असा की, जो अद्याप लेखकाच्या बाजूचा झालेला नाही.

कोणत्याही राजकीय प्रश्नावर वाचकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग लेखकाशी आधीच सहमत असलेल्यांचा. त्यास निबंधाने उत्साह येईल, पण त्याचे मत बदलण्याचे कारणच नाही. दुसरा वर्ग कट्टर विरोधकांचा; एका निबंधाने तो हलेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. तिसरा वर्ग ज्यांचा निर्णय झालेला नाही, किंवा झालेला असूनही ज्यांच्या मनात शंका उरली आहे, अशांचा होय. मतप्रवर्तक निबंधाची खरी कसोटी या तिसऱ्या वर्गावर लागते. असा वाचक जे आधीच मान्य करतो, तेथून निघून जे तो अद्याप मान्य करीत नाही, तेथपर्यंत त्यास पायरीपायरीने नेणे, हे या निबंधाचे कार्य होय.

या प्रवासाचा आरंभ ज्या स्थानापासून होतो, त्यास प्रस्तुत लेखात ‘वादभूमी’ ही संज्ञा योजिली आहे. वाद नेमक्या कोणत्या प्रश्नावर चालावयाचा आणि कोणते गृहीत उभयपक्षी मान्य समजावयाचे, या दोन गोष्टी मिळून वादभूमी सिद्ध होते. निबंधाचे यशापयश बहुधा येथेच ठरते. पुढील भाषासौष्ठव हा नंतरचा भाग आहे. तथापि भाषेचा संबंध तेथेच संपत नाही. सर्वनाम, क्रियापद, अव्यय अशा बारीकसारीक निवडींतून लेखक आपली वादभूमी वाचकास कळत नकळत सांगत असतो.

या विधानाची परीक्षा करण्यास १८९१ चा संमतिवयाचा वाद फार सोयीचा आहे. प्रश्न एका लहानशा कायद्याचा होता. या वादातील पुण्यातले प्रमुख लेखक एकमेकांस जवळून ओळखत होते. त्यांपैकी दोघांनी पूर्वी एकाच वृत्तपत्रात काम केले होते. तरीही त्यांचे निबंध तीन निरनिराळ्या भूमींवरून लिहिले गेले, आणि प्रत्येक भूमीचे बळ व दौर्बल्य त्यांत स्पष्ट दिसते.

२. वादाचा विषय

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत बलात्काराच्या व्याख्येला एक अपवाद जोडलेला होता. पत्नी दहा वर्षांच्या आतील नसेल, तर पतीने तिच्याशी केलेला समागम हा त्या गुन्ह्यात मोडत नसे. म्हणजे दहा वर्षे पूर्ण झालेल्या विवाहित मुलीला या कलमाचे संरक्षण नव्हते. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून या विषयाची चर्चा देशभर सुरू केली. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची मुलगी पतीच्या समागमामुळे झालेल्या इजेने मृत्यू पावली. तिने दहा वर्षांची मर्यादा ओलांडली असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकण्यासारखा नव्हता. त्यास कमी दर्जाच्या गुन्ह्याखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात दुरुस्तीचे बिल मांडले. दहा या आकड्याच्या जागी बारा हा आकडा घालणे, हा त्याचा गाभा होता. १९ मार्च १८९१ रोजी ते संमत झाले. सव्वादोन महिन्यांच्या या अवधीत बंगाल आणि महाराष्ट्र या दोन प्रांतांत वादाचे मोठे वादळ उठले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. बिलाने विवाहाचे वय ठरविले नव्हते. बारा वर्षांपूर्वी विवाह करण्यास या कायद्याची आडकाठी नव्हती. फक्त समागम दंडनीय होणार होता. वादात मात्र हा भेद वारंवार पुसला गेला. कोणत्या गोष्टीबद्दल वाद चालू आहे, हे निबंधाच्या आरंभी एका वाक्यात नेमकेपणे सांगितले नाही, तर लेखक व वाचक दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधीत बसतात. मीमांसकांच्या अधिकरणात प्रथम ‘विषय’, नंतर ‘संशय’, त्यानंतर ‘पूर्वपक्ष’ आणि मग ‘सिद्धान्त’ असा क्रम असतो, तो याच कारणास्तव. आधुनिक निबंधकार बहुधा विषयावरून थेट सिद्धान्तावर उडी घेतो. संशय व पूर्वपक्ष या मधल्या दोन पायऱ्या गाळल्या गेल्याने वाचक मागे राहतो.

३. प्रश्नाचे चार प्रकार

प्राचीन ग्रीक व रोमन वक्तृत्वशास्त्रात कोणत्याही वादाचा प्रश्न चारांपैकी एका स्वरूपाचा असतो असे मानीत. घटना घडली काय? घडली असल्यास तिला काय म्हणावे? ती योग्य की अयोग्य? आणि तिचा निर्णय करण्याचा अधिकार कोणास? न्यायालयीन वादांसाठी केलेली ही विभागणी राजकीय निबंधालाही चांगली लागू पडते. वादातील पुष्कळसा गोंधळ एक पक्ष तिसऱ्या प्रश्नावर आणि दुसरा पक्ष चौथ्या प्रश्नावर बोलत असल्याने होतो.

संमतिवयाच्या वादात लो. टिळकांनी ‘केसरी’तून घेतलेली भूमिका मुख्यतः चौथ्या प्रश्नावर उभी होती. परकीय सरकारने हिंदूंच्या धार्मिक व सामाजिक व्यवहारांत कायद्याने हात घालू नये. सुधारणा व्हावयाची ती शिक्षणाने आणि समाजाच्या स्वतःच्या प्रयत्नाने व्हावी, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप न करण्याचे जे अभिवचन होते, त्याचा आधार विरोधकांना मिळत होता. टिळक बालविवाहाचे समर्थक नव्हते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे उलट सूचना ठेवली होती. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षापूर्वी व मुलाचे विसाव्या वर्षापूर्वी करणार नाही, अशा स्वरूपाची बंधने सुधारकांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावीत, असा तिचा आशय होता. ही सूचना वादपद्धतीच्या दृष्टीने अत्यंत चतुर होती. तिच्यामुळे तिसरा प्रश्न, म्हणजे रूढी योग्य की अयोग्य हा, वादातून बाजूला पडला आणि अधिकाराचा प्रश्न तेवढा उरला. राज्यकर्ते परके आहेत, हे गृहीत वाचकास पटवून देण्याची आवश्यकताच नव्हती. ते त्यास रोज अनुभवास येत होते. ज्या गृहीतावरून निघावयाचे, ते इतके सर्वमान्य असणे हे या भूमीचे बळ होय.

गोपाळ गणेश आगरकरांची भूमी निराळी होती. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक, मतभेदामुळे १८८७ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बिलाला पाठिंबा देताना त्यांनी आधार घेतला तो विवेकाचा व व्यक्तीच्या हिताचा. एखादी रूढी माणसास इजा करीत असेल, तर ती शास्त्रसंमत आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. किंबहुना सुधारणेसाठी शास्त्राधार शोधीत बसणे त्यांस मान्य नव्हते. म्हणजे त्यांनी तिसरा प्रश्न मध्यवर्ती धरला. या भूमीचे बळ असे की, उद्या प्रतिकूल शास्त्रवचन सापडले, तरी युक्तिवाद ढासळत नाही. तिचे दौर्बल्य असे की, विवेक हाच अंतिम प्रमाण, हे गृहीत मान्य करणारे वाचक त्या काळी थोडे होते.

तिसरी भूमी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची. हिंदू धर्मशास्त्रानुसार विवाहाचे व गर्भाधानाचे वय यावर त्यांनी १८९१ मध्ये इंग्रजीत टिपण प्रसिद्ध केले. प्रथम ऋतुदर्शनाच्या वेळी गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे, आणि ते बाराव्या वर्षापूर्वीही येऊ शकते, म्हणून हा कायदा धर्मलोप घडवील, असा विरोधकांचा आक्षेप होता. भांडारकरांनी हा आक्षेप बाजूस न सारता त्याच्याच भूमीवर उभे राहून त्याचे परीक्षण केले. गर्भाधानास विलंब झाल्याने धर्माचा लोप होत नाही, आणि प्राचीन सूत्रकाळी वधू प्रौढ असे, असे त्यांनी ग्रंथाधारे दाखविण्याचा प्रयत्न केला. टिळकांनी या अर्थनिर्णयावर आक्षेप घेतले आणि वाद वचनांच्या अर्थाकडे वळला. या भूमीचा लाभ असा की, धर्मनिष्ठ पण साशंक वाचक जे मानतो, त्यावरूनच त्यास पुढे नेता येते. तिची किंमतही स्पष्ट आहे: मुलीच्या जिवाचा प्रश्न वचनांच्या अर्थावर टांगला जातो, आणि वचन फिरले की निष्कर्षही फिरावा लागतो.

तात्पर्य, निर्दोष वादभूमी कोणतीच नसते. प्रत्येकीची किंमत असते. लेखकाने ती किंमत जाणून निवड केली पाहिजे. बिलाच्या बाजूने लिहिणाऱ्यास अधिकाराच्या भूमीवरही उत्तर उपलब्ध होते. पतीच्या समागमास वयाची मर्यादा घालण्याचा प्रश्न १८९१ मध्ये नव्याने उद्भवला नव्हता. १८६० च्या संहितेने दहा वर्षांची मर्यादा घालून तो आधीच निकालात काढला होता. ज्यास दहा हा आकडा तीस वर्षे चालला, त्याने बारा हा आकडा अधिकाराच्या कारणाने नाकारणे सुसंगत ठरत नाही. हे उत्तर विरोधकाच्या भूमीवरच त्यास गाठते आणि त्यासाठी वाचकाने विवेकवादी असण्याची अट घालीत नाही. असा दुवा शोधणे हेच मतप्रवर्तक निबंधकाराचे मुख्य काम होय.

४. पूर्वपक्षाची मांडणी

न्यायदर्शनात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो ‘वाद’; जिंकण्यासाठी चालतो तो ‘जल्प’; आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती ‘वितंडा’. वृत्तपत्रीय राजकीय लेखन पुष्कळदा जल्प असते, आणि विद्यार्थ्यांचे निबंध अजाणता वितंडेकडे झुकतात: सरकारचे धोरण कसे चुकले हे सांगून ते थांबतात, आणि त्याऐवजी काय करावे हा भाग कोराच राहतो.

वाद व जल्प यांतील भेद पूर्वपक्षाच्या मांडणीत सर्वांत स्पष्ट दिसतो. त्याची कसोटी सोपी आहे: निबंधातील पूर्वपक्ष वाचून विरोधक ‘हेच माझे म्हणणे’ असे म्हणेल काय? ‘बिलाच्या विरोधकांना मुलींच्या प्राणांची पर्वा नाही’ हा पूर्वपक्ष विरोधक कधीच स्वीकारणार नाही. ‘हानी मान्य आहे, परंतु तिचा उपाय परकीय सत्तेच्या दंडाने करू दिला, तर उद्या इतर बाबतींतही तीच सत्ता हात घालील’ हा पूर्वपक्ष मात्र तो स्वीकारील. पहिल्याचे खंडन सोपे आणि निरुपयोगी. दुसऱ्याचे खंडन अवघड, पण शंका असलेल्या वाचकाची शंका नेमकी तीच असते.

खंडनात दोन दोष विशेष आढळतात. एक ‘छल’, म्हणजे प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याने न योजलेला अर्थ चिकटविणे. बिल विवाहाविरुद्ध नसून समागमाविरुद्ध असताना ‘सरकार लग्ने बंद करणार’ असे म्हणणे हा छलाचा नमुना होय. दुसरा दोष ‘साध्यसम’ हेत्वाभास. येथे जे सिद्ध करावयाचे, तेच हेतू म्हणून पुढे केले जाते. राजकीय लेखनात हा दोष बहुधा नामकरणातून शिरतो. कायद्याला आरंभीच ‘ढवळाढवळ’ म्हटले की, तो अनुचित आहे हे सिद्ध करण्याचे कष्ट उरत नाहीत. त्यालाच ‘संरक्षण’ म्हटले की, तो उचित असल्याचे कष्टही उरत नाहीत. दोन्ही शब्दांत निर्णय आधीच भरलेला आहे. अशा वेळी ‘बारा वर्षांची मर्यादा घालणारी दुरुस्ती’ असे रुक्ष पण समतोल नाव प्रथम वापरावे, आणि ‘ढवळाढवळ’ किंवा ‘संरक्षण’ हा शब्द युक्तिवाद पूर्ण झाल्यावर, निष्कर्ष म्हणून, योजावा.

५. मराठी व्याकरण आणि मतप्रवर्तन

वादभूमी निश्चित झाल्यावर ती वाक्यरचनेत उतरावी लागते. या बाबतीत मराठीची काही साधने लक्षणीय आहेत.

पहिले साधन सर्वनामांचे. प्रथमपुरुषी अनेकवचनात मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’ या शब्दात श्रोता समाविष्ट नाही. ‘आपण’ या शब्दात तो समाविष्ट आहे. इंग्रजीत किंवा संस्कृतात हा भेद सर्वनामाच्या रूपाने दाखविता येत नाही. मराठी निबंधकाराला मात्र प्रत्येक वाक्यात त्याची निवड करावीच लागते. ‘आम्ही ही रूढी सोडली पाहिजे’ आणि ‘आपण ही रूढी सोडली पाहिजे’ या दोन वाक्यांत वाचकाचे स्थान भिन्न आहे. पहिल्यात तो साक्षीदार, दुसऱ्यात सहभागी. यांशिवाय संपादकीय ‘आम्ही’ आहे, ज्याने एकटा लेखक स्वतःचा निर्देश करतो. आणि सरकारला उद्देशून योजलेले ‘आम्ही’ आहे, ज्यात वाचक लेखकाबरोबर असतो आणि सरकार बाहेर असते. एकाच निबंधात हे अर्थ एकमेकांत मिसळले, तर संपादकाचे वैयक्तिक मत संपूर्ण समाजाचे मत म्हणून वाचले जाते. आदरार्थी द्वितीयपुरुषी ‘आपण’ या गोंधळात आणखी भर घालते. म्हणून निबंधाचे पुनर्लेखन करताना प्रत्येक ‘आम्ही’ व ‘आपण’ यापुढे थांबून त्यात कोण कोण येतात, हे तपासणे उपयुक्त ठरते.

दुसरे साधन कर्त्याच्या निर्देशाचे. ‘मुलीचे लग्न लहानपणी होते’ या वाक्यात लग्न ही आपोआप घडणारी गोष्ट ठरते. ‘आईबाप मुलीचे लग्न लहानपणी लावून देतात’ असे म्हणताच कर्ता पुढे येतो आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही येते. ‘रूढी पडली’, ‘प्रथा चालत आली’, ‘निर्णय घेण्यात आला’ या सर्व रचनांत कर्ता लोपलेला आहे. कर्तृलोप हा सदैव दोष नव्हे. कर्ता खरोखरच अज्ञात किंवा अप्रस्तुत असेल तेथे तो योग्यच आहे. परंतु ज्या वाक्यावर दोषारोप किंवा मागणी उभी आहे, त्यातून कर्ता वगळणे म्हणजे वादाचा मुद्दा लपविणे होय. मागणी करताना तर हे विशेष जाणवते. ‘उपाययोजना व्हावी’ असे म्हणणारा निबंध ती कोणी करावी, हे सांगत नाही. म्हणून त्याच्याशी सहमत होणे सोपे असते आणि त्यातून निष्पन्न काहीच होत नाही.

तिसरे साधन विधिवाचक रूपांचे. ‘लग्न उशिरा करावे’, ‘लग्न उशिरा केले पाहिजे’ आणि ‘लग्न उशिरा करावे लागेल’ या तीन वाक्यांत बंधनाचा उगम वेगळा आहे. पहिल्यात उपदेश किंवा इष्टता आहे. दुसऱ्यात कर्तव्य आहे. ते कर्त्याने स्वतः ओळखलेले असू शकते. तिसऱ्यात परिस्थितीची किंवा बाह्य सत्तेची सक्ती आहे. समागमाचे वय वाढविण्यासंबंधीचा १८९१ चा मतभेद या रूपांच्या साहाय्याने थोडक्यात सांगता येतो. ‘वय वाढविले पाहिजे’ हे उभय पक्षांतील बऱ्याच विचारी लोकांस मान्य होते. ‘वाढवावे लागेल’ असे परक्या सरकारने म्हणावे काय, एवढाच वाद होता. जो निबंधकार या दोन रूपांत भेद करीत नाही, तो ‘पाहिजे’ सिद्ध करून ‘लागेल’ सिद्ध केल्याचे समाधान मानतो. अनिष्ट गोष्ट दंडनीयही असावी, याला स्वतंत्र युक्तिवाद लागतो.

चौथे साधन अव्ययांचे. ‘म्हणे’ हे ऐकीव माहिती दर्शविणारे अव्यय राजकीय लेखनात उपहासासाठी हटकून येते. ‘सरकारला म्हणे मुलींची काळजी!’ या वाक्यात खंडन असे काहीच नाही. स्वराने खंडनाचा आभास मात्र निर्माण होतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’पासून उपरोध हा मराठी निबंधाचा मोठा अलंकार झाला आहे आणि त्याची रुची वाचकांतही मुरली आहे. परंतु उपरोधाचा आनंद अनुकूल वाचकास होतो. साशंक वाचकास त्यात आपलीच थट्टा दिसते. ‘च’ या निश्चयवाचक अव्ययाबाबतही सावधगिरी हवी. ‘शिक्षणानेच सुधारणा होईल’ असे लिहिणाऱ्यावर इतर सर्व उपाय निरुपयोगी असल्याचे सिद्ध करण्याचा भार येऊन पडतो. एका अक्षराने प्रतिज्ञा एवढी विस्तारते, की हेतू तिला पुरा पडत नाही.

६. उदाहरण आणि त्याची व्याप्ती

पंचावयव अनुमानात उदाहरण हा तिसरा अवयव. राजकीय निबंधात तो सर्वांत प्रभावी आणि सर्वांत धोक्याचा असतो. फुलमणीची घटना या वादात वारंवार पुढे आली, आणि ती अपवादात्मक आहे असे उत्तर विरोधकांकडून आले. येथे प्रतिज्ञा कोणती, हे पाहिले पाहिजे. ‘अशा घटना देशात सर्रास होतात’ ही प्रतिज्ञा असेल, तर एका उदाहरणाने ती सिद्ध होत नाही. तेथे व्याप्ती दाखवावी लागते. १८९० मध्ये हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी सरकारकडे केलेल्या अर्जात आपण पाहिलेल्या रोगी मुलींच्या हकिकती एकत्र दिल्या, त्याचे महत्त्व या दृष्टीने आहे. परंतु ‘दहा वर्षांवरील मुलीस कायदा संरक्षण देत नाही’ ही प्रतिज्ञा असेल, तर एकच उदाहरण पुरेसे आहे. कारण त्या खटल्यात कायद्याची उणीव प्रत्यक्ष उघडी पडली होती. उदाहरण तेच, पण प्रतिज्ञा बदलली की त्याचे बळ बदलते. हृदयद्रावक उदाहरण देऊन त्याच्या बळाबाहेरची प्रतिज्ञा मांडणे, ही मतप्रवर्तक निबंधातील नित्याची चूक होय.

७. वादात नसलेला पक्ष

या वादाच्या परीक्षणातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या मुलींविषयी हा वाद होता, त्या या वादात बोलत नव्हत्या. ‘संमतिवय’ या समासाचा विग्रह ‘संमतीचे वय’ असा होतो. संमती कोणाची, हे त्यात सांगितलेले नाही. विवाहविषयक मराठी वाक्प्रचारांत मुलगी बहुधा कर्म म्हणून येते: मुलगी दिली, मुलगी केली, मुलगी उजवली. ‘मुलीने संमती दिली’ या वाक्यात मात्र ती तृतीया विभक्तीत कर्त्याच्या जागी येते. विशिष्ट वयाखाली हे वाक्य उच्चारले गेले, तरी ते अर्थशून्य मानावे, एवढेच कायद्याचे म्हणणे होते. हा मुद्दा पूर्णपणे आकळला असता, तर वाद ‘सरकार विरुद्ध समाज’ या द्वंद्वापुरता राहिला नसता. त्यात तिसरा पक्ष दिसला असता.

तो पक्ष लिहू शकत नव्हता असे नाही. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला होता. बालपणी झालेल्या विवाहानंतर पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारणाऱ्या रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने पत्रे लिहून बालविवाहाचे परिणाम मांडले होते. त्यांच्यावरील खटल्यात १८८७ मध्ये पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा निकाल झाला, आणि १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. पुढे त्या इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या. त्यांची साक्ष उपलब्ध असतानाही अधिकार कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तरांत सरकार, समाज, शास्त्र व पती हेच प्रामुख्याने गणले गेले. वादभूमीची निवड म्हणजे कोणाचे म्हणणे प्रस्तुत आणि कोणाचे अप्रस्तुत, याचीही निवड असते. म्हणून प्रतिज्ञा निश्चित करण्यापूर्वी, या प्रश्नाच्या निर्णयाचा भार प्रत्यक्षात कोणावर पडणार आहे आणि त्याचे म्हणणे निबंधात कोठे आले आहे, हे लेखकाने पाहणे अवश्य आहे.

८. उपसंहार

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून निबंधलेखनाचा एक क्रम सुचतो. प्रथम विषय एका समतोल वाक्यात लिहावा. प्रश्न चारांपैकी कोणत्या प्रकारचा आहे आणि प्रतिपक्ष कोणत्या प्रश्नावर उभा आहे, हे ठरवावे. साशंक वाचक काय मान्य करतो, त्याची नोंद करावी आणि त्यांतील एका गृहीतापासून आरंभ करावा. पूर्वपक्ष विरोधकास मान्य होईल अशा शब्दांत मांडावा. प्रतिज्ञा हेतूच्या बळाबाहेर जाऊ देऊ नये. मागणी करताना कर्ता आणि बंधनाचे स्वरूप स्पष्ट करावे. हे सर्व झाल्यावर सर्वनामे, अव्यये व विशेषणे यांवरून एकवार नजर फिरवावी.

संमतिवयाचा कायदा कायदेमंडळात संमत झाला. परंतु समाजाचे मत त्याने बदलले, असे म्हणता येत नाही. विवाहाचे किमान वय कायद्याने ठरण्यास १९२९ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या शारदा कायद्याने मुलीस चौदा व मुलास अठरा ही मर्यादा घातली. १९७८ मध्ये ती अनुक्रमे अठरा व एकवीस झाली. दंडसंहितेतील विवाहित मुलीसंबंधीचा अपवाद मात्र बदलत्या आकड्यांनिशी टिकून राहिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीच्या बाबतीत तो अग्राह्य ठरविला. १८६० च्या संहितेतील एका आकड्याविषयीचा हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. मंडळात बहुमताने कायदा होऊ शकतो. तो पाळणाऱ्यांचे मत मात्र एकेका वाचकाच्या मनात, त्याने आधी मान्य केलेल्या गोष्टींपासून आरंभ करूनच, घडवावे लागते. हे काम कायदेमंडळ करू शकत नाही. ते निबंधाचे काम आहे, आणि म्हणूनच त्याच्या पद्धतीचा अभ्यास भाषेच्या विद्यार्थ्याने करावयास हवा.